बासूनवादकाचा चरितार्थ

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मध्यभागी, काष्ठवाद्यांच्या मागल्या रांगेत, सुमारे अडीच मीटर लांबीची नळी दुमडून घडवलेले बासून हे उंच वाद्य तिरके धरून दोघे-तिघे वादक बसलेले असतात. मंद्र स्वरांचा पाया सांभाळणे हेच त्यांचे नित्यकर्म असल्यामुळे श्रोत्यांची नजर त्यांच्याकडे सहसा वळत नाही. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा आरंभ या वाद्याच्या खर्जाने होतो, स्त्राविन्स्कीच्या १९१३ सालच्या वसंतविधीविषयक नृत्यनाट्याचा त्याच्या अगदी वरच्या सुरांनी. पण हे अपवाद झाले. अशा वाद्यावर जगणारा माणूस आयुष्यभर करतो तरी काय, या प्रश्नाचे उत्तर इंग्रज वादक आर्ची कॅम्डेन (१८८८–१९७९) याच्या कारकिर्दीत सांगोपांग मिळते.

कॅम्डेन मँचेस्टरच्या संगीत महाविद्यालयात ऑटो शीडर यांच्यापाशी शिकला आणि १९०६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या शहरातील प्रख्यात हॅले वाद्यवृंदात रुजू झाला. वाद्यवृंदाची सूत्रे तेव्हा हान्स रिख्टर यांच्या हाती होती, आणि इंग्लंडात सर्वत्र फ्रेंच बनावटीचा, बारीक व किंचित सानुनासिक आवाजाचा बासून प्रचलित असताना, रिख्टर यांनी व्हिएन्नाहून वादक आणवून जर्मन बनावटीच्या भरदार वाद्याचा पायंडा पाडला होता. १९१४ साली कॅम्डेन प्रमुख वादक झाला. परंतु प्रमुखपद म्हणजे बारमाही वेतन नव्हे: हॅलेचा हंगाम हिवाळ्याचा, आणि उन्हाळा आला की वादकांनी समुद्रकाठच्या विहारस्थळांतील वाद्यवृंदांत बिदागीवर वाजवून प्रपंच ओढावा, अशी तेथली वहिवाट होती. कारकिर्दीतील वैविध्याला लोक प्रतिभेचा विलास म्हणतात. मला त्यात पोटाची निकड अधिक दिसते.

शिवाय या वादकाला निम्मे कारागीर व्हावे लागते. सनईप्रमाणेच बासूनची जिव्हाळी दुहेरी असते आणि ती बोरूसारख्या पोकळ, जाड देठाच्या गवतापासून करतात. त्यासाठी दक्षिण फ्रान्समधला माल नावाजलेला. तो भिजवायचा, आतून तासायचा, आकार देऊन मधोमध दुमडायचा, तारेची वेढणी घालून दोऱ्याने आवळायचा, आणि मग टोकाकडे सुरीने इतका हळुवार खरवडायचा की एक फटकारा जास्त पडला तर सारी मेहनत वाया जावी. हवेतला दमटपणा बदलला की कालची उत्तम जिव्हाळी आज हटून बसते, आणि मैफलीची वेळ तर ठरलेली असते.

१९२६ साली हॅमिल्टन हार्टी यांच्या संचालनाखाली हॅलेच्या साथीने कॅम्डेनने मोत्सार्टच्या १७७४ सालच्या बासून कन्चेर्तोचे ध्वनिमुद्रण केले आणि त्या तबकड्यांनी त्याचे नाव घरोघर नेले. १९३३ साली तो लंडनला बीबीसीच्या सिंफनी वाद्यवृंदात गेला. येथे बारमाही पगार होता, बोल्ट यांच्यासारखे संचालक होते, तोस्कानिनी पाहुणे म्हणून येत. महायुद्धात हा सगळा कारखाना प्रथम ब्रिस्टलला आणि मग बेडफर्डला हलवावा लागला. १९४६ मध्ये ती नोकरी सोडून तो संचालक बीचम यांच्या नव्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदात अल्पकाळ राहिला, आणि पुढे लंडन मोत्सार्ट प्लेयर्ससारख्या लहान संचांत वाजवीत, शिकवीत त्याने उत्तरायुष्य घालवले. १९६२ साली बासूनच्या तंत्रावर त्याने पुस्तक लिहिले.

त्याची कीर्ती त्या तबकड्यांवर उभी आहे. माझ्या लेखी मात्र त्याचे मोठे काम निराळेच. फिलहार्मोनिया वाद्यवृंदाच्या सेसिल जेम्ससारख्या श्रेष्ठ वादकाने फ्रेंच वाद्याचा आग्रह सोडला नाही, तरी कॅम्डेनचे वादन ऐकून आणि त्याच्या हाताखाली शिकून इंग्लंडातील पुढली पिढी जर्मन बासूनकडे वळली. आज तेथील वाद्यवृंदांत बहुतेक सर्वत्र तोच वाजतो. त्याचे पहिले श्रेय रिख्टर यांनी आणलेल्या व्हिएन्नाच्या वादकांना द्यावे लागेल, आणि दुसरे निःसंशय कॅम्डेनला.