पुण्यात ‘कलावंतांची वस्ती’ शोधताना

नाटक, सिनेमा, चित्रकला किंवा गाण्यापायी पुण्यात बिऱ्हाड हलवणाऱ्यांना घर स्वस्त हवं असतं आणि आजूबाजूचं वातावरणही हवं असतं. दोन्ही मिळू शकतं. पण काही ऐकीव समजुती आधी बाजूला ठेवायला हव्यात.

गैरसमज : भिंतींवर चित्रं आणि गल्लीत कॅफे दिसले, की ती कलावंतांची वस्ती.

वस्तुस्थिती : कॅफेत गप्पा होतात, काम तालमीच्या खोलीत होतं. कोरेगाव पार्क दिसायला देखणं आहे, पण भाडंही तसंच. प्रायोगिक नाटकाचा राबता सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर, शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच आणि टिळक रस्त्यावरचं ज्योत्स्ना भोळे सभागृह या पट्ट्यात जास्त. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या एकांकिका १९६३पासून याच भागात गाजत आल्या आहेत. सिनेमावाल्यांची जागा वेगळी. १९३३मध्ये ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या तिच्याच आवारात १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. चित्रपट संग्रहालयही त्याच रस्त्यावर. तेव्हा आधी आपली कला कोणती ते ठरवा, मग पेठ.

गैरसमज : पेठांतल्या वाड्यांत अजून जुन्या भाड्यात खोली मिळते.

वस्तुस्थिती : मिळते, पण जुन्या भाडेकरूला. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात प्रमाण भाड्यासाठी १ ऑक्टोबर १९८७ हा दिवस धरला आहे आणि त्यावर वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. म्हणून शेजारच्या आजोबांचं भाडं किरकोळ असतं. तुम्ही ‘लिव्ह अँड लायसन्स’वर येता, तेव्हा बाजारभावच द्यावा लागतो. पेठेत खरोखर परवडतं ते ‘कॉट बेसिस’, म्हणजे सामाईक खोलीतली एक खाट. तिथे आधी विचारा : रात्री दार किती वाजता बंद होतं?

गैरसमज : थिएटरच्या दाराशीच राहायला हवं.

वस्तुस्थिती : कोथरूड, कर्वेनगर, वारजे किंवा सिंहगड रस्त्यावर राहूनही बरेच जण शहरात तालमी करतात. वनाजहून मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरलं, की बालगंधर्व रंगमंदिर हाकेच्या अंतरावर. पेठांसाठी मंडई आणि कसबा पेठ ही स्टेशनं आहेत. खरी परीक्षा परतीच्या वाटेची, कारण तालीम सुटेपर्यंत बराच उशीर होतो. घर दुपारी पसंत पडलं, तरी रात्री उशिरा एकदा तिथवर जाऊन बघा. रिक्षाचं भाडं महिन्याच्या हिशेबात धरलं, की लांबचं ‘स्वस्त’ घर कधी कधी महाग ठरतं.

गैरसमज : अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की पुरे.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर मालकाला उलट सिद्ध करता येईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात. खर्चही फार नाही : मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज त्यात धरून), शिवाय महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी फी. डिपॉझिट अडकण्यापेक्षा हे परवडतं.

गैरसमज : कलेच्या गावात रियाजाला कोण हरकत घेणार?

वस्तुस्थिती : पहाटेच्या तानपुऱ्याचं कौतुक करणारे शेजारीही रात्रीच्या तबल्याला वैतागतात. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. रियाजाची वेळ करारातच लिहून घ्या आणि घर ठरवण्याआधी मालकांसमोर एकदा वाजवून दाखवा. नकार यायचाच असेल, तर तो दलाली देण्याआधी आलेला बरा.