घटिका, घड्याळ आणि आषाढी एकादशी

जुन्या जालन्यातील श्री आनंदीस्वामींच्या मंदिरात आषाढी एकादशीस उत्सव होतो. हे मंदिर महादजी शिंदे यांनी उभारले, असे सांगितले जाते. त्या काळी व्रताची वेळ आकाश दाखवी आणि घटिकापात्र मोजी. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडावे; ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, सरली. अशा ६० घटिकांचे अहोरात्र आणि त्याचा प्रारंभ सूर्योदयी.

साधन पालटले की मनुष्याची विचार करण्याची रीतही पालटते. आगगाडीस आणि कचेरीस सर्वत्र एकच वेळ हवी. म्हणून १९०६ साली साडेब्याऐंशी अंश रेखांशावरील वेळ भारताची प्रमाणवेळ ठरली. जालना त्याच्या पश्चिमेस असल्याने आषाढात येथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर सुमारे अर्ध्या तासाने. तरीही बाराचा ठोका म्हणजेच मध्यान्ह, असे आपण धरून चालतो.

१९७३ साली जयंतराव साळगावकर यांच्या ‘कालनिर्णय’ने पंचांग घरोघरच्या भिंतीवर आणले. जोशीबुवांच्या मुखातून ऐकावयाची तिथी गृहिणी स्वतः वाचू लागली, हा लाभ थोर खराच. परंतु तारखेच्या चौकटीत छापलेली तिथीही मध्यरात्रीच पालटते, असा समज त्याबरोबर रुजला. वस्तुतः चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरला की एक तिथी पूर्ण होते. त्यास सुमारे १९ ते २६ तास लागतात. अरुणोदयी, म्हणजे सूर्योदयापूर्वी चार घटिका, दशमी शिल्लक असेल, तर भागवत संप्रदायी त्या दिवशी उपवास न करता दुसऱ्या दिवशी करतात. मग ‘खरी एकादशी कोणती?’ असा वाद घराघरांत उठतो. स्मार्त काय, भागवत काय, दोन्ही शास्त्रसंमतच. तारखेला सरावलेल्या मनास मात्र एका तिथीचे दोन दिवस रुचत नाहीत.

घड्याळ टाकून द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. आभाळ निवळ असेल तर एकादशीच्या पहाटे मुलांना गच्चीवर न्यावे आणि दिनदर्शिकेतील मुंबईचा सूर्योदय त्यांच्याकडून ताडून घ्यावा. जालन्यात तो सुमारे १२ मिनिटे आधीच झालेला आढळेल. आपले व्रत कोणत्या सूर्यास धरून आहे, हे मग त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.