केबल ब्रॉडबँड जाळ्याचे संनियंत्रण

केबल ब्रॉडबँड जाळ्याचे संनियंत्रण : दूरचित्रवाणीच्या केबलमधून इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या जाळ्यातील उपकरणांवर मध्यवर्ती ठिकाणाहून सतत देखरेख ठेवण्याची व दोषाचे स्थान निश्चित करण्याची पद्धती. यासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकीय प्रणालीत सर्व जाळे वृक्षाकार उतरंडीच्या रूपाने मांडलेले असते. हजारो मोडेमांची मापने एकेक करून पाहणे शक्य नसते. म्हणून उतरंडीच्या पायऱ्यांवर खालीवर जाऊन दोषाचे क्षेत्र लहान करीत नेतात.

इतिहास : केबल दूरचित्रवाणीची सुरुवात अमेरिकेत १९४८ च्या सुमारास झाली. भारतात तिचा प्रसार १९९१ नंतर वेगाने झाला व तिचे नियमन करणारा कायदा १९९५ मध्ये संमत झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. मूळची केबल एकमार्गी होती. इंटरनेटसाठी ग्राहकाकडून केंद्राकडे परतीचा मार्ग आवश्यक असल्याने विवर्धकांत बदल करावे लागले. अशा द्विमार्गी सेवेसाठी ‘डॉक्सिस’ ही प्रमाणके अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. दूरच्या उपकरणांची मापने मागविण्यासाठी ‘एसएनएमपी’ हा १९८८ मध्ये सिद्ध झालेला संदेशनियम सर्वत्र वापरात आला.

रचना : उतरंडीच्या शिखरावर मुख्य केंद्र म्हणजे हेडएंड असते. त्याखाली उपकेंद्रे येतात. तेथून प्रकाशीय तंतूंनी संकेत नोडपर्यंत जातात. नोडमध्ये प्रकाशसंकेताचे विद्युत् संकेतात रूपांतर होऊन तो समाक्ष केबलवर सोडला जातो. एका नोडवर काहीशे ते सुमारे दोन हजार घरे असू शकतात. समाक्ष केबलमध्ये संकेत क्षीण होत जातो, त्यामुळे ठराविक अंतरांवर विवर्धक बसवितात. विवर्धकांपुढे टॅप व टॅपपासून घरातील मोडेमपर्यंत बारीक केबल अशी शेवटची पायरी असते. विवर्धकांना लागणारी वीजही बहुधा याच केबलमधून, जवळच्या वीजपुरवठा संचाकडून मिळते.

परतीचा मार्ग व गोंगाट : केंद्राकडून निघालेला संकेत फांद्याफांद्यांतून विभागला जातो, परतीच्या मार्गावर मात्र सर्व घरांकडील संकेत एकत्र येतात आणि त्यांबरोबर प्रत्येक सैल वा गंजलेल्या जोडणीतून शिरलेला गोंगाटही येतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णेच्या प्रवाहावरून हे स्पष्ट होते. महाबळेश्वर येथे उगम पावणाऱ्या कृष्णेला साताऱ्याजवळ माहुली येथे वेण्णा व कराड येथे कोयना मिळते. सांगलीच्या आयर्विन पुलावरील पाण्याची पातळी ही या सर्वांची बेरीज होय. कोणती नदी फुगली, हे केवळ त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी वरच्या बाजूच्या ठिकाणांची मापने पाहावी लागतात. त्याचप्रमाणे एका घरातील सदोष जोडणी नोडवरील सर्व ग्राहकांची सेवा बिघडवू शकते आणि तक्रार मात्र भलतीकडून येते. अशा वेळी नोडपासून एकेक शाखा तपासत गोंगाटाच्या उगमाकडे जावे लागते.

दोषस्थान शोधण्याची रीत : मोडेम बंद पडले की त्या सर्वांचा समाईक पूर्वज उतरंडीत कोणता, हे प्रथम पाहतात. एकच मोडेम बंद असल्यास दोष घरात वा टॅपपासूनच्या केबलमध्ये, संपूर्ण नोड बंद असल्यास तंतूत, नोडमध्ये वा त्याच्या विजेत आणि अनेक नोड एकदम बंद असल्यास उपकेंद्रात असण्याचा संभव असतो. समजा, एका शाखेवर तीन विवर्धक ओळीने आहेत. पहिल्याचे मोडेम सुस्थितीत आहेत, पण दुसऱ्याचे व तिसऱ्याचे बंद आहेत. अशा वेळी दोष दुसऱ्या विवर्धकात किंवा पहिल्या व दुसऱ्या विवर्धकांमधील केबलमध्ये असतो. तिसऱ्याकडे माणूस धाडण्याचे कारण उरत नाही.

दोष पूर्ण होण्यापूर्वीच त्याची चाहूल लागू शकते. केंद्रात पोहोचणारा संकेत ठराविक पातळीवर राहावा म्हणून केंद्र मोडेमला प्रेषणशक्ती वाढविण्याचा आदेश देते. जोडणीत पाणी शिरले की ही शक्ती हळूहळू वाढत जाते व ग्राहकाला मात्र काहीच जाणवत नाही. एका टॅपवरील सर्व मोडेमांची प्रेषणशक्ती एकत्रच वाढत असल्यास तो टॅप वेळीच दुरुस्त करता येतो. सह्याद्रीलगतच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यात या मापनाला विशेष महत्त्व आहे.

मर्यादा : मोडेम केंद्रातील कोणत्या जोडद्वारावर आहे, हे प्रणालीला आपोआप कळते, तो कोणत्या विवर्धकावर वा टॅपवर आहे, ही नोंद मात्र बहुधा माणसाने करावयाची असते. दुरुस्तीच्या वेळी एखादी शाखा दुसरीकडे जोडली व तशी नोंद केली नाही, तर पडद्यावरील उतरंड निर्दोष विवर्धकाकडे बोट दाखविते. तसेच उपकेंद्राशी संपर्क तुटल्यास त्याखालील उपकरणे ‘बंद’ नसून ‘अज्ञात’ असतात. हा भेद न पाळणारी प्रणाली शेकडो निरर्थक इशारे देते.

वीजपुरवठ्याची उतरंड संकेताच्या उतरंडीहून वेगळी असते, याचे भान पूरकाळात विशेषच ठेवावे लागते. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली आला. जुलै २०२१ मध्येही मोठा पूर आला. पूरग्रस्त भागातील वीज सुरक्षिततेसाठी बंद ठेवावी लागते, त्यामुळे तेथील मोडेम बंद दिसणे हा जाळ्याचा दोष नव्हे. तथापि कोरड्या भागातील शाखेचा वीजसंच पाण्यातील गल्लीत असल्यास, जेथे सेवा देणे शक्य होते तेथील कुटुंबेही बाहेरच्या जगापासून तुटतात. कोणता संच कोणत्या विवर्धकांना वीज देतो, याची नोंद असल्यास पर्यायी वीज नेमकी कोठे द्यावयाची हे ठरविता येते.

अलीकडे अनेक ठिकाणी प्रकाशीय तंतू थेट घरापर्यंत नेला जातो. त्यात केंद्र ते घर यांदरम्यान वीज लागणारे विवर्धक नसल्याने उतरंड आखूड होते. तरीही प्रकाशविभाजकांच्या पायऱ्या उरतातच आणि समाईक पूर्वज शोधण्याची रीत तेथेही तीच राहते. प्रत्यक्ष जोडणी बदलताच नोंद बदलणे, ही या रीतीच्या यशाची पहिली अट होय.