बॉनेटखालचा तो खडखडणारा पत्रा

टर्बो गाडीवाले मला हमखास एक प्रश्न विचारतात: एक्झॉस्टवरचा पातळ पत्रा खडखडतो, काढून टाकला तर चालेल का?

मी काढला होता. इंदूरच्या एका गॅरेजवाल्याने “उगाच वाजतोय” म्हटलं आणि मी मान डोलावली. महिनाभरानं, ऐन मे महिन्यात, मुंबईहून परतताना मानपूरच्या घाटात गाडीची ताकदच गेली. बॉनेट उघडलं तर एका सेन्सरच्या वायरीचं आवरण वितळलेलं. तिथून वीतभर अंतरावर डिझेलची रबरी नळी, आणि गाडीत मागे आई-बाबा बसलेले. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

झालं काय? चढावर पूर्ण भार असताना डिझेल इंजिनाचा धूर टर्बोत शिरतो तो ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास. पेट्रोलचा ९०० च्याही वर जातो. इतकं तापलेलं लोखंड चुलीतल्या निखाऱ्यासारखी धग फेकतं, न शिवता भाजतं. ही धग तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते. ३०० अंशांवरचा मॅनिफोल्ड ७०० वर गेला की धग दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होते! चकचकीत पत्रा ती परतवतो, मधल्या फटीतून वारा खेळतो. म्हणून पत्रा सैल झाला तर बोल्ट आवळा, गंजला तर नवा घाला. पण पाईपला चिकटवून बसवू नका, फट हवीच.

काही जण पाईपला काचतंतूंची पट्टी गुंडाळतात. रेसिंगला ठीक आहे. रोजच्या गाडीत मला ती पसंत नाही: आतला धातू जास्त तापतो, पावसाळ्यात पट्टी ओल धरते, पाईप गंजतो. तिच्यात ऑइल झिरपलं तर पेट घ्यायची भीती वेगळीच.

आणखी एक. घाट चढून ढाब्यावर थांबलात की लगेच चावी फिरवू नका. इंजिन बंद म्हणजे ऑइलचा पंप बंद. मग टर्बाइनची उष्णता बेअरिंगकडे सरकते आणि तिथलं ऑइल जळून काजळी धरते. दोनेक मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा, तोवर चहा सांगा. आणि कृपा करून तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी ओतू नका, बीड तडकतं.