डब्यातलं विमान : जुन्या लढाऊ विमानांच्या मॉडेल किटमधून मुलं काय शिकतात?



सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. सातवीच्या वर्गात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग शेखों यांची गोष्ट सांगितली होती. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर पाकिस्तानची सहा सेबर विमानं चालून आली. बॉम्ब पडत असताना शेखों यांनी आपलं छोटंसं नॅट विमान उडवलं, त्यांच्याशी झुंज दिली आणि त्यात त्यांना वीरमरण आलं. भारतीय वायुसेनेतलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे. गोष्ट मुलांना इतकी आवडली की मी हौसेनं नॅटचा प्लास्टिक मॉडेल किट मागवला. पाच मुलांनी मिळून तो जुळवायला घेतला. दुसऱ्याच दिवशी एक पोरगा हातात इवलीशी कॉकपिट घेऊन आला आणि म्हणाला, "सर, याच्यात तं दोन सीटा हायेत. मंग दुसरा कोन व्हता?"

मला उत्तर देता येईना. घरी जाऊन शोधलं तेव्हा कळलं, मी मागवलेलं विमान शेखों यांचं नव्हतंच. ते होतं ब्रिटिशांचं प्रशिक्षणाचं दोन आसनी नॅट. त्यांच्या 'रेड ॲरोज' या कसरती करणाऱ्या पथकाकडे हेच लाल रंगाचं विमान असे. आपल्या वायुसेनेचं लढाऊ नॅट एक आसनी होतं. डब्यावरचं नाव वाचून मी खूश झालो होतो, आतलं विमान नीट पाहिलं ते त्या पोरानं.

तेव्हापासून मला वाटतं की, हा छंद म्हणजे नुसतं खेळणं नाही. हातानं करायची ही तपासणी आहे. आज त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

किट म्हणजे नेमकं काय?

डबा उघडला की आत विमान नसतं. प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना कैऱ्या लटकाव्यात तसे पंख, शेपटी, चाकं असे सुटे भाग जोडलेले असतात. सोबत चित्रांची पुस्तिका आणि पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं असतात. भाग कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे आणि शेवटी चिन्हं लावायची, असा क्रम.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. आपला थर्माकोल ज्याचा बनतो, तोच हा पदार्थ. थर्माकोलमध्ये तो फुगवलेला असतो, इथे घट्ट असतो. साधारण २०० अंश सेल्सिअसला वितळवून तो मोठ्या दाबानं पोलादी साच्यात भरतात. साचा करणं फार खर्चाचं काम. म्हणून एकदा केलेला साचा कंपन्या वीस-तीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त वापरतात. डब्यावरचं चित्र नवं, पण आतला साचा आपल्या वडिलांच्या वयाचा, असंही होतं!

आता डिंकाचं पाहा. मुलं आधी फेव्हिकॉल काढतात, पण तो इथे चालत नाही. फेव्हिकॉलमधलं पाणी कागद किंवा लाकूड शोषून घेतं, तेव्हा तो धरतो. प्लास्टिक पाणी शोषतच नाही. मॉडेलचा खास डिंक प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि डिंक उडून गेला की जोड एकजीव होतो. वर्गात दाखवायचं असेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर नेलपॉलिश काढायच्या द्रवाचे दोन थेंब टाका. तुकडा डोळ्यांदेखत बसतो. (खिडक्या उघड्या ठेवून हे शिक्षकांनीच करावं.) द्रावक आणि द्राव्य हा धडा त्या दिवशी वेगळा शिकवावा लागत नाही. फेविक्विकनं भाग जुळतात खरे, पण त्याच्या वाफेनं कॉकपिटची पारदर्शक काच पांढरी पडते.

थोडा इतिहास

खऱ्या वस्तूची छोटी प्रतिकृती करण्याची हौस आपल्याला नवी नाही. विदर्भात तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी नंदीबैल सजवून मिरवतात, तीही प्रतिकृतीच. विमानांच्या बाबतीत ही हौस १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये वाढली. १९३२ साली 'स्कायबर्ड्स' नावाचे लाकडी किट निघाले आणि त्यांच्यामुळे १:७२ हे प्रमाण रूढ झालं. १९३६ साली 'फ्रॉग' कंपनीनं प्लास्टिकचे किट आणले. १९५३ साली 'एअरफिक्स'नं दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान काढलं. वूलवर्थ्सच्या दुकानांत ते अवघ्या दोन शिलिंगला मिळे. श्रीमंतांचा छंद तिथून सामान्य घरातल्या मुलांपर्यंत पोचला. आज एअरफिक्सच्या काही डब्यांवर 'मेड इन इंडिया' असंही छापलेलं दिसतं.

मधली एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलानं शाळांना आवाहन केलं की, विद्यार्थ्यांनी १:७२ प्रमाणात ५ लाख विमानं करून द्यावीत. कशासाठी? आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावं यासाठी. ओळखण्यात चूक झाली तर आपल्याच माणसांवर गोळी सुटायची. शाळेतल्या लाकूडकामाच्या तासाला केवढी जबाबदारी आली, पाहा!

१:७२ चं गणित

गुणोत्तर आणि प्रमाण शिकवताना आपण आंबे-पेरू वाटत बसतो. एकदा विमान आणून पाहा. १:७२ म्हणजे खऱ्या वस्तूचे ७२ सेंटिमीटर इथे १ सेंटिमीटर. हा आकडा निवडण्यामागे इंग्रजी मोजमाप आहे : ६ फूट म्हणजे ७२ इंच, म्हणून सहा फुटी माणूस बरोबर १ इंचाचा होतो. आता मुलांना पंखांची रुंदी काढायला सांगा :

- नॅट : खरी ६.७३ मीटर, मॉडेलमध्ये सुमारे ९.३ सेंटिमीटर
- मिग-२१ : ७.१५ मीटर, मॉडेलमध्ये ९.९ सेंटिमीटर
- स्पिटफायर : ११.२३ मीटर, मॉडेलमध्ये १५.६ सेंटिमीटर
- डकोटा : सुमारे २९ मीटर, मॉडेलमध्ये ४० सेंटिमीटर

डकोटाशेजारी नॅट ठेवलं की कुणाच्याही तोंडून "एवढुसं!" निघतंच. मग प्रश्न आपोआप येतो : एवढंसं विमान मोठ्या विमानांना कसं भारी पडलं असेल? लहान असल्यामुळे दिसायला अवघड आणि वळायला चपळ, हे मुलं स्वतःच सांगतात.

आता हेच गणित आपल्या जिल्ह्यात आणा. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. १:७२ प्रमाणात ते किती होईल? २५ मीटर! आमच्या मुलांनी शाळेच्या पटांगणात दोरी धरून चुन्यानं तेवढं वर्तुळ आखलं आणि काठावर नॅट ठेवलं. लोणार केवढं आहे, हे त्या दिवशी मलाही नव्यानं कळलं.

आणखी एक प्रयोग. मॉडेल १० मीटर लांब धरा. डोळ्यांना ते ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढंच दिसतं. १९४२ सालची ती लाकडी विमानं याच तत्त्वावर उपयोगी पडत होती.

संग्रह म्हणजे डबे रचणं नव्हे

या छंदात दोन प्रकारची माणसं असतात. काही जण जुने डबे न उघडता जपतात, कारण बंद डब्याला किंमत येते. काही जण जुळवून मांडतात. मोठ्यांनी काय करायचं ते करावं. मुलांसाठी मात्र डबा उघडायलाच हवा. न उघडलेल्या डब्यातल्या दोन सीटा कुणालाच दिसल्या नसत्या.

दुसरं म्हणजे, मिळेल ते घेऊ नका, एक सूत्र धरा. मी 'आपल्या वायुसेनेची जुनी विमानं' हे सूत्र धरलं. डकोटा : २७ ऑक्टोबर १९४७ ला आपले जवान याच विमानांतून श्रीनगरला उतरले. हंटर : डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात यांनी शत्रूचे रणगाडे रोखले. नॅटची गोष्ट वर आलीच. आणि मिग-२१ : हे तर आपल्या महाराष्ट्रात घडलेलं विमान. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना याच विमानासाठी उभा राहिला. मलकापूर, नांदुरा, शेगावहून मुंबईला जाणारी रेल्वे नाशिकवरूनच जाते, हे सांगितलं की मुलांना ओझर लांब वाटत नाही. १९६३ साली सेवेत आलेलं मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं.

एक विमान मात्र मोठ्या कंपन्यांच्या डब्यात सहसा मिळत नाही : आपलं स्वतःचं एचएफ-२४ मरुत. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली ते बंगळुरूला तयार झालं आणि १७ जून १९६१ ला प्रथम उडालं. मग काय करायचं? लांबी १५.८७ मीटर, पंख ९ मीटर. भागा ७२ नं. २२ आणि १२.५ सेंटिमीटर. आता पुठ्ठा घ्या आणि करा! शाळेची सहल मुंबईला गेली तर नेहरू विज्ञान केंद्रात खरं मरुत उभं आहे, तिथे मुलांना ते आवर्जून दाखवा.

प्रत्येक मॉडेलला एक नोंदकार्ड हवं. त्यावर विमानाचं नाव, वर्ष, कुठे बनलं, आत किती माणसं बसत आणि अंगावरची चिन्हं काय सांगतात, एवढं लिहायचं. चिन्हांतही इतिहास असतो. आज आपल्या विमानांवर केशरी, पांढरं, हिरवं वर्तुळ असतं. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या विमानांच्या चिन्हातून लाल रंग काढून टाकला होता. का? जपानी विमानांवर लाल गोळा असे, घोटाळा होऊ नये म्हणून. हा प्रश्न वर्गात टाका आणि उत्तराची घाई करू नका.

"पण गुरुजी, हे युद्धाचंच खेळणं ना?"

एका आईनं मला हे विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे, तो टाळू नये.

ही विमानं माणसं मारण्यासाठी बनली होती, हे खरं आहे. किट बनवणारेही यावर अडखळले आहेत. एअरफिक्सच्या जुन्या डब्यांवर आगी आणि स्फोटांची जोरदार चित्रं असत. पुढे काही चित्रांतून ती पुसून टाकली गेली. जर्मन कंपनी रेव्हेलच्या महायुद्धातल्या जर्मन विमानांच्या किटमध्ये शेपटीवरचं नाझी चिन्ह दिलेलं नसतं, कारण तिथल्या कायद्यानं त्यावर कडक बंधनं आहेत. पुसावं की दाखवून समजावावं? मला वाटतं, वर्गात समजावणं बरं.

म्हणून आमच्या नोंदकार्डावर शेवटी दोन प्रश्न असतात : आत कोण होतं? खाली कोण होतं? मिग-२१ च्या कार्डावर मुलांनी त्याचे पराक्रम लिहिले, आणि त्याच्या अपघातांत आपले अनेक वैमानिक गेले, हेही लिहिलं. असं कार्ड लिहिणारं पोर विमान हातात घेऊन "ढिशुम" करत नाही, असा माझा अनुभव आहे.

खर्च आणि काळजी

किट स्वस्त नसतात. लहान किट काही शे रुपयांचा, मोठा काही हजारांचा. पण प्रत्येक मुलाला एक कशाला? पाच मुलांत एक पुरतो. एकानं पुस्तिका वाचायची, एकानं भाग कापायचे, एकानं घासायचे, एकानं जोडायचे, एकानं नोंद ठेवायची. दर आठवड्याला काम बदलायचं. ब्लेड मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरावं, त्यापेक्षा नेलकटर बरा. डिंक आणि रंग मोकळ्या हवेत. घाई नको : एक जोड सुकू द्यायचा, मगच पुढचा.

तयार मॉडेल उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बारीक भाग वाकू शकतात आणि चिन्हं पिवळी पडतात. काचेचं कपाट असेल तर उत्तम.

ते दोन आसनी नॅट आम्ही टाकलं नाही. पूर्ण केलं, रंगवलं आणि कपाटात पहिल्या नंबरावर ठेवलं. त्याचं कार्ड त्याच पोरानं लिहिलंय : "हे शेखों साहेबांचं विमान नाही. त्यांच्या विमानात सीट एकच होती. ते एकटेच होते."

तुम्हीही एखादा डबा मुलांसोबत उघडून बघा.