मेणबत्तीचा संच भेट देताय? आधी मेणाचे वजन पाहा

ईद जवळ आली किंवा दहावीचा निकाल लागला की भाचीला, पुतणीला काय द्यावे हा प्रश्न पडतोच. कपडे झाले, घड्याळ झाले. आता मेणबत्ती बनविण्याचे तयार संच मिळतात आणि मुरगूडला घरबसल्या मागवताही येतात. कल्पना चांगली आहे. मुलीच्या हाताला काम लागते, जमल्यास चार पैसेही मिळतात. मात्र डब्यावरचे चित्र पाहून पैसे मोजू नयेत.

पहिली गोष्ट मेणाचे वजन. २ सें.मी. जाड व १५ सें.मी. लांब अशा साध्या मेणबत्तीला सुमारे ४२ ग्रॅम मेण लागते. म्हणजे एका किलोत २३ मेणबत्त्या. डब्यात २०० ग्रॅम मेण असेल तर चार-पाच मेणबत्त्यांत खेळ आटोपला! पहिल्या चार-पाच तर बिघडणारच. थंड होताना मेण आकसते, मधोमध खड्डा पडतो, तो पुन्हा मेण ओतून भरावा लागतो. वात जाड झाली तर काजळी धरते, बारीक झाली तर वितळलेल्या मेणात बुडून विझते. हे हाताला कळायला किलोभर मेण तरी हवे.

दुसरी गोष्ट थर्मामीटर. बाजारात मिळणारे साधे पॅराफिन मेण बहुधा ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळते. ते थेट गॅसवर कधीही ठेवू नये. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. दुधासारखे ते उतू जाऊन इशारा देत नाही, तापत राहते आणि एकदम पेट घेते. पेटलेल्या मेणावर पाणी टाकू नये, गॅस बंद करून झाकण ठेवावे. ही सूचना मराठीत लिहिलेली नसेल तर भेट देणाऱ्याने स्वतः लिहून डब्यात घालावी. लहान मुलांना हा संच देऊच नये.

आमच्या मते शोभेच्या डब्यापेक्षा सामान सुटे घेऊन संच घरीच जमवावा. एक किलो मेण, थोडे स्टिअरिक अ‍ॅसिड (त्याने मेणबत्ती कडक होते), सुती विणलेली वात, एक अ‍ॅल्युमिनियमचा साचा, साच्याला आतून पुसायला तेल आणि मेणात विरघळणारा रंग. स्वयंपाकघरातला पाण्याचा रंग मेणात मिसळत नाही. मेण संपल्यावर ते कोल्हापूर वा निपाणीत कोठे मिळेल याची चौकशी आधीच करावी.

‘संच घ्या, तयार माल आम्ही विकत घेऊ’ अशा जाहिरातींना मात्र भुलू नये. अनामत रक्कम मागितली की तेथूनच परत फिरावे. या धंद्यात नाव कमावलेले महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांनी दृष्टी गमावल्यानंतर मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये हे काम शिकून घेतले, १९९४ मध्ये व्यवसाय सुरू केला आणि प्रारंभी हातगाडीवर माल विकला. गिऱ्हाईक त्यांनी स्वतः शोधले. पुढे त्यांच्या कारखान्यात अनेक अंध कारागिरांना काम मिळाले.

मुलीने बनविलेल्या पहिल्या डझनभर मेणबत्त्या घरच्यांनीच रोख पैसे देऊन विकत घ्याव्यात. उरलेले मेण मोरीत ओतू नये, मोरी तुंबते. ते डब्यात जपून ठेवावे, पुन्हा वितळते.