मेंढ्यांतील अळीबाधा
जिवंत मेंढीच्या जखमेत वा मळलेल्या लोकरीत माशीने घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या ऊतके खाऊ लागल्याने होणारा विकार. ऑस्ट्रेलियात तो मुख्यत्वे ल्युसिलिया कुप्रिना ह्या माशीमुळे, मलमूत्राने भिजलेल्या दाट लोकरीत उद्‌भवतो. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दख्खनी मेंढीची लोकर भरड, विरळ व घोंगड्यांच्या उपयोगाची असते. तेथे लोकरीपेक्षा जखमेस धोका अधिक. क्रायसोमिया बेझियाना माशीची अंडी साधारण दिवसभरात फुटतात आणि अळ्या आठवडाभर मांसात खोल शिरत जातात. म्हणून कातरणीच्या जखमा, खच्चीकरणाचे व्रण व कुत्र्याचे चावे ह्यांवर त्याच दिवशी जंतुनाशक व माश्यांना दूर ठेवणारे मलम लावतात. कोकराच्या ओल्या नाळेस आयोडीन लावतात. कातरणी कोरड्या दिवसांत उरकणे हितावह. हगवणीने शेपटीखालची लोकर मळते, ती कापून काढावी. सायंकाळी कळप वाड्यात घेताना एकेक मेंढी पाहण्यास खर्च नाही, तरी नेमके हेच टळते. मागे रेंगाळणारी, पाय आपटणारी वा दुर्गंधी येणारी मेंढी लगेच वेगळी काढावी. जखमेत टर्पेंटाइनचा बोळा ठेवल्यास अळ्या वर येतात. चिमट्याने काढलेल्या अळ्या जाळाव्यात. जमिनीवर टाकल्यास पूर्ण वाढलेल्या अळ्या मातीत कोशावस्थेत जाऊन पुन्हा माश्या निपजतात.